शोकांतिकेतला 'नोकर १' : छोटी पात्रं वाचायची कशी

मागे आमच्या ग्रुपनं शेक्सपिअरचं 'किंग लिअर' दीड तासात बसवायला घेतलं तेव्हा पहिली कात्री लागली ती नोकरांना, आणि कात्री माझ्याच हातात होती त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही. तालमीत तो डोळे काढायचा सीन नुसता किळसवाणा वाटायला लागला, का ते मला बऱ्याच उशिरा कळलं. तेव्हापासून नाटक अभ्यासाला असो नाहीतर बसवायला, मी असं करतो.

आधी सरळ एकदा वाचून घ्या. मग पात्रांच्या यादीत ज्यांना नावसुद्धा नाहीये, नुसतं पहारेकरी, धनगर, नोकर लिहिलंय, त्यांच्याखाली पेन्सिलनं रेघ मारा आणि दुसऱ्यांदा फक्त त्यांचेच सीन वाचा. नायकाकडे लक्षच द्यायचं नाही (अवघड जातं, पण जमतं).

आता एकेकाला डिलीट करून बघा, काय अडतं? लिअरमध्ये राजाचा जावई कॉर्नवॉल म्हाताऱ्या सरदार ग्लॉस्टरचा एक डोळा काढतो, दुसऱ्याला हात घालणार तेवढ्यात त्याचाच नोकर आडवा येतो. लहानपणापासून तुमची चाकरी केली, पण आत्ता तुम्हाला थांबा म्हणतोय याहून चांगली चाकरी कधी केली नव्हती, अशा अर्थाचं बोलतो आणि मालकावरच तलवार उपसतो. जेमतेम आठ-नऊ ओळी, कॉर्नवॉलची बायको रीगन मागून भोसकते, खेळ खलास. पण त्याच झटापटीतल्या जखमेनं कॉर्नवॉल मरतो, रीगन विधवा होते, आणि मग ग्लॉस्टरच्या मुलावरून, एडमंडवरून, रीगन आणि गॉनरिल या दोघी बहिणींचं प्रकरण विष घालण्यापर्यंत जातं. नोकर काढला की हे सगळं लटकलं.

एवढ्यावर थांबू नका हां, कारण प्लॉट काय, दुसऱ्या कशानंही ढकलता येतो. नाटकाला पडलेला मोठा प्रश्न एका वाक्यात लिहून काढा आणि बघा हे पात्र त्याला काय उत्तर देतंय. निष्ठा कशाला म्हणायचं हा लिअरमधला प्रश्न पहिल्या सीनपासून आहे, सरदार केंट राजाला तोंडावर चुकताय म्हणतो आणि हद्दपार होतो, गॉनरिलचा कारभारी ऑस्वल्ड मालकीण सांगेल ते निमूट करतो, आणि मग हा बिननावाचा माणूस येऊन जीव देऊन सांगतो की नाही म्हणणं हीच चाकरी. राजे-सरदार जे पाच अंक घोळत बसतात ते यानं अर्ध्या मिनिटात केलं! १६०८ च्या छापील प्रतीत तर यानंतर उरलेले दोन नोकर ग्लॉस्टरच्या रक्ताळलेल्या चेहऱ्याला अंड्याचं पांढरं लावायचं ठरवतात, १६२३ च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांचा मोठा छापील संग्रह) ते संवाद नाहीत. दोन्ही वाचून बघा, त्या चार ओळींनी सीनचा शेवट किती बदलतो ते.

पात्र कुठे येतं तेही बघा. मॅक्बेथमधला दारुडा द्वारपाल राजाच्या खुनानंतर लगेच येतो, मी नरकाचा दरवाजा राखतोय अशी नक्कल करतो, आपण हसतो, पण आत जे झालंय ते माहीत असल्यामुळे त्याची थट्टा खरी ठरते. बरेच लोक याला नुसता विनोदी रिलीफ म्हणून सोडून देतात, मला ते पटत नाही.

आणि नायकाशी जोडी लावून बघा. 'एकच प्याला'त तळीराम सुधाकरला पहिला प्याला देतो एवढंच लिहून पोरं मोकळी होतात, पण तळीरामावर आपण हसत असतो तोच रस्ता सुधाकर चालत असतो. तशीच तळीरामाची बायको गीता, फटकळ, नवऱ्याबद्दल तोंड उघडणारी, तिच्याशेजारी सुधाकरची बायको सिंधू हिचं सोसणं ठेवलं की प्रेक्षकाला प्रश्न पडायलाच हवा की हे सोसणं बरोबर होतं का. गडकऱ्यांनी दोघींना शेजारी उगाच ठेवलेलं नाहीये.

फक्त ओढूनताणून अर्थ काढू नका. काही निरोपे फक्त निरोप द्यायलाच येतात, त्यांना तेवढंच काम, तिथे पान उलटा.

आमच्या पुढच्या प्रयोगात नोकर परत आला, वेळ काढायला वादळातलं लिअरचं भाषण अर्धं केलं. लिअर करणारा अजून माझ्याशी धड बोलत नाही.