ट्रॅव्हल ट्रेलरचे टायर घेताय? या चुका टाळा

अमेरिकेत पिकअप किंवा मोठी एसयूव्ही दारात आली, की दोन-तीन उन्हाळ्यांत ट्रॅव्हल ट्रेलरचे, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायच्या चाकांवरच्या घराचे, वेध लागतात. बहुतेक जण पहिला ट्रेलर जुनाच घेतात. बघायला गेलेला माणूस आत शिरतो, शेगडी पेटवून बघतो, एसी लावून बघतो, छताला गळतीचे डाग शोधतो. मग बाहेर येऊन टायरपाशी वाकतो, खाचेची खोली बघायला तिच्यात एक सेंटचं नाणं घालतो, ‘खाचा तर नव्यासारख्या आहेत’ म्हणतो आणि सौदा पक्का करतो. नाण्याची ही तपासणी गाडीसाठी ठीक आहे. ट्रेलर मात्र वर्षातले बरेच महिने एका जागी उभा असतो, त्याच्या खाचा झिजणार कधी? त्याचे टायर गोटा होण्याच्या आधीच फुटतात, आणि ते उष्णता, ओझं आणि वय या तिघांमुळे. यातलं काहीही खाचांत दिसत नाही. त्यासाठी टायरच्या बाजूला छापलेले आकडे वाचावे लागतात.

वय न बघणं

टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष: 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. गंमत अशी, की हे चार आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात आणि ती बाजू नेमकी आत, ट्रेलरच्या पोटाकडे बसवलेली असते. अशा वेळी विकणाऱ्यासमोर खाली झोपायला लाजू नका. ओल्या फडक्याने चिखल पुसा आणि फोन आत धरून फ्लॅश लावून फोटो काढा. चारही चाकांचे काढा आणि मागे कव्हर घालून टांगलेल्या स्पेअरचाही काढा. स्पेअरला कधी रस्ता लागला नसेल, पण वय त्यालाही लागतंच.

पाच वर्षं झाली, की मी खाचांकडे बघतच नाही, टायर बदलायचे. काही जण सहा-सात वर्षं ओढतात. टेक्सास-अ‍ॅरिझोनाच्या उन्हात उघड्यावर उभ्या राहिलेल्या ट्रेलरसाठी मला तो जुगार वाटतो. बाजूला बारीक चिरा दिसू लागल्या असतील, तर पाच वर्षांचीही वाट बघू नका. आणि टायर चकचकीत करणारे पेट्रोलियमयुक्त पॉलिश त्यावर मारू नका, त्याने रबर लवकर खराब होतं. उन्हाच्या बाजूला साधी कव्हरं घातलेली बरी.

‘मापाचा आहे ना, मग झालं’

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. एकाच मापाचे टायर वेगवेगळ्या ताकदीचे मिळतात आणि ती ताकद ‘लोड रेंज’ या अक्षरात असते. एसटी225/75आर15 हे माप घ्या (एसटी म्हणजे ‘स्पेशल ट्रेलर’, खास ट्रेलरसाठी बनवलेला टायर). लोड रेंज सी असेल तर तो 50 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हवेच्या दाबाचं माप) हवेवर 2,150 पौंड पेलतो, डी असेल तर 65 वर 2,540, आणि ई असेल तर 80 वर 2,830. दुकानात तिन्ही शेजारी ठेवले तर लांबून फरक कळणार नाही.

आता जरा हिशेब करू, कारण खरी मेख इथेच आहे. छोट्या-मध्यम ट्रेलरला बऱ्याचदा 3,500 पौंडांचे दोन अ‍ॅक्सल असतात आणि त्यावर एसटी205/75आर14, लोड रेंज सी. हा टायर 1,760 पौंड पेलतो. एका अ‍ॅक्सलवर दोन, म्हणजे 3,520. शिल्लक किती? वीस पौंड! यात बेकायदा काही नाही, कारण टायरांची एकूण क्षमता अ‍ॅक्सलच्या क्षमतेपेक्षा कमी नसावी एवढंच केंद्रीय नियम सांगतो.

तुम्ही म्हणाल, थोडं वजन पिकअपच्या हिचवरही, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांध्यावरही, येतं. बरोबर. ट्रेलर भरून 7,000 पौंड झाला आणि त्यातले बारा टक्के, म्हणजे 840 पौंड, हिचवर गेले, तर चार चाकांवर 6,160 उरतात. सरासरी 1,540. कागदावर छान दिसतं. पण ट्रेलर सरासरीवर चालत नाही. फ्रिज, शेगडी आणि बाहेर सरकणारी खोली एकाच बाजूला असतात. त्या बाजूला सहाशे पौंड जास्त आले, तर तिथल्या प्रत्येक टायरवर 1,690 पौंड झाले. त्यात हिच उंच बसवून ट्रेलरचं तोंड वर राहिलं असेल, तर भार मागच्या अ‍ॅक्सलकडे झुकतो. झालं, मर्यादा तिथेच ओलांडली. चाळीस गॅलन पाणी भरून निघालात तर तेच सव्वातीनशे पौंडांच्या वर जातं. शिवाय आपल्या घरांत कुकर, मिक्सर, पोहे आणि पीठ यांशिवाय ट्रेलर निघत नाही, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून टायर खरेदीच्या आधी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे गाड्यांच्या वजनकाट्यावर, एकदा वजन करा. पाणी, गॅस, सामान सगळं भरून, जसे सहलीला निघाल तसे. ट्रकच्या पुढच्या अ‍ॅक्सलचं, मागच्या अ‍ॅक्सलचं आणि ट्रेलरच्या चाकांचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. त्यावरून टायर निवडताना पंधरा-वीस टक्के ताकद हाताशी राहील असं बघा. वरच्या उदाहरणात त्याच मापाचा लोड रेंज डी (2,040 पौंड) घेतला की श्वास घ्यायला जागा मिळते.

हवा आणि रिम

लोड रेंज वाढवला आणि हवा मात्र जुनीच ठेवली, तर पैसे वाया. डी टायरमध्ये 50 पीएसआयच भरली, तर तो जवळपास सी एवढंच पेलतो. वाढीव ताकद 65 भरल्यावरच मिळते. पण तेवढा दाब रिम आणि व्हॉल्व्ह सोसतील का, हे आधी बघायला हवं. रिमची मर्यादा बऱ्याचदा तिच्या आतल्या बाजूला ठोकलेली असते. साधे रबरी व्हॉल्व्ह 65 पीएसआयपर्यंतच असतात. 80 भरायची असेल तर धातूचे किंवा जास्त दाबाचे व्हॉल्व्ह आग्रहाने लावून घ्या.

हवा सकाळी तपासायची, चाक फिरायच्या आधी आणि ऊन पडायच्या आधी. तापमान दर 10 अंश फॅरनहाइटने बदललं की दाब साधारण दोन टक्क्यांनी बदलतो. दुपारी पेट्रोल पंपावर मीटर जास्त दाखवतोय म्हणून हवा सोडणारे महाभाग मी पाहिलेत. तापलेल्या टायरमधली हवा कधीच सोडू नका. कमी हवेचा टायर जास्त चेपतो, जास्त तापतो आणि दुसऱ्या दिवशी गार झाल्यावर आणखी मऊ असतो. टायर फुटून झालेल्या अपघातांच्या समृद्धी महामार्गावरच्या बातम्या ज्यांनी वाचल्यात, त्यांना हे चक्र नवं नाही.

गाडीचे टायर ट्रेलरला

गाडीचे ‘पी’ छापाचे टायर स्वस्तात मिळाले म्हणून ट्रेलरला लावू नका. ट्रेलरवर त्यांची छापील क्षमता 1.1 ने भागून धरायची असते आणि त्यांच्या बाजूही मऊ असतात. दोन अ‍ॅक्सलचा ट्रेलर जागेवर वळवताना बाजूला उभं राहून एकदा बघाच: चाकं फिरण्याऐवजी आडवी घासत जातात आणि टायर रिमखाली वाकडा होतो. ‘एसटी’ टायरची बाजू हा ताण सोसण्यासाठीच कडक केलेली असते. ट्रकचे ‘एलटी’ चालतात, पण मोठ्या ट्रेलरना आणि क्षमता जुळत असेल तरच.

टायरवर छापलेलं कमाल वेगाचं अक्षरही वाचा. एल म्हणजे ताशी 75 मैल, एम म्हणजे 81, एन म्हणजे 87. अक्षरच नसेल तर 65 ही मर्यादा धरा. अक्षर मोठं मिळालं म्हणून तेवढं पळवायचं असं नाही. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना 55 च्या वर जायला कायद्यानेच बंदी आहे.

टायर काय सांगतोय?

दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी आहे, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त. एकच कड खाल्ली असेल तर अ‍ॅक्सल वाकलेला असू शकतो, तिथे नवा टायर घालून उपयोग नाही. ठिकठिकाणी खड्डे पडले असतील तर बॅलन्सिंग आणि बेअरिंग बघा. खाचांमध्ये कुठे फुगवटा हाताला लागला, तर आतले पट्टे सुटलेत, त्या टायरवर एक मैलही जाऊ नका.

थांबाल तिथे चाकांवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवा. एकच टायर बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर हवा किंवा ओझं तपासा. टायर ठीक पण हब (चाकाचा मधला भाग) तापलेला असेल, तर ब्रेक अडकलाय किंवा बेअरिंग गेलंय.

फुटलाच, तर ब्रेकवर उभे राहू नका. स्टीअरिंग सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा, आणि ट्रेलर झुलायला लागला तर पिकअपमधल्या हाताने चालणाऱ्या ब्रेक कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. बाजूला थांबल्यावर जॅक अ‍ॅक्सलच्या नळीखाली लावू नका, चौकटीला लावा. फुटलेला टायर बदलल्यावर त्याच बाजूच्या दुसऱ्या टायरकडे लोकांचं लक्षच जात नाही. मधले काही मैल त्याने जवळजवळ दुप्पट भार वाहिलेला असतो. वरून शाबूत दिसला तरी तो काढून आतून तपासून घ्या, आणि शंका असेल तर तोही बदला. चाक पुन्हा बसवल्यानंतर नट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) आवळा, आणि दहा, पंचवीस आणि पन्नास मैलांवर पुन्हा तपासा.