जुना सॅक्सोफोन खालचे स्वर देत नसेल, तर आधी गळती शोधा

माळ्यावरून काढलेला आल्टो सॅक्सोफोन वरचे स्वर वाजवतो, पण खालच्या सा-रे-गकडे आलं की नुसतं फुसफुसतो. दुरुस्तीवाला लगेच सगळी पॅड (भोकं झाकणाऱ्या मऊ गाद्या) बदलायला सांगतो. बऱ्याचदा दोन-तीनच गळकी असतात, आणि ती घरीच सापडतात.

१. पॉवर बँकेवर चालणारी बारीक एलईडी पट्टी घ्या. दिव्यांच्या माळेतली चालते, मात्र तापणारा बल्ब नको.
२. नेक (वरची वाकडी नळी) काढून पट्टी नळीत सोडा, खोलीत अंधार करा.
३. वरून खाली एकेक किल्ली अगदी हलकी दाबा. जोर लावलात तर गळकं पॅडही बसतं आणि आपण फसतो.
४. पॅडच्या कडेने प्रकाशाची रेघ दिसली तर तिथे खूण करा. शंका असल्यास सिगारेटच्या पातळ कागदाची पट्टी पॅडखाली धरून ओढा, अडली नाही तर गळतंय.

जी-शार्प या स्वराचं पॅड विसरू नका. वाजवताना दुसऱ्याने त्यावर बोट दाबलं आणि खालचा स्वर एकदम मोकळा आला, तर चोर तोच! पॅड बदलण्याऐवजी तिथला छोटा स्क्रू पाव फेरा फिरवूनही काम होतं.

नेकची गळती वेगळी तपासा: एक टोक तळहाताने, ऑक्टेव्हचं (नेकवरचं छोटं) भोक बोटाने बंद करून दुसऱ्या टोकाने हवा ओढा.

चमक आणायला मात्र पितळेची पॉलिश लावू नका. जुनं लॅकर (वरचा चकचकीत थर) निघतं ते परत येत नाही.