पावसात घोड्याचे खूर

घोडबंदर रोडच्या बाजूला पावसाळाभर तबेल्याची जमीन वाळता वाळत नाही, आणि खूर कुजायला सुरुवात होते ती तिथूनच. रोज संध्याकाळी खूर उचलून आकड्याने टाचेकडून पुढच्या टोकाकडे शेण-माती काढा. तळव्याच्या मधल्या त्रिकोणी, मऊ भागालगतच्या खाचेत काळपट चिकटा दिसला, नाकात जाणारा कुजका वास आला, की लागण झाली समजा. धुऊन कोरडं करा, खाली सुका भुसा टाका.

नालबंद दर ६ ते ८ आठवड्यांनी हवाच. नाल शाबूत दिसते म्हणून वरातींचा हंगाम संपेपर्यंत थांबतात लोक. नालेखाली खूर महिन्याला ६ ते १० मिलिमीटर वाढतच असतो. खूर हाताला गरम लागला, घोडा पुढचे पाय ताणून भार मागे टाकून उभा राहिला, तर मात्र त्याच दिवशी पशुवैद्य. नालबंद त्यानंतर, एक्स-रे बघून.