मुंबई ते न्यूयॉर्क : विमानाचे अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

अंतरासाठी सपाट नकाशावर पट्टी ठेवू नये. त्या नकाशावरची सरळ रेघ अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाते. पृथ्वीगोलावर मात्र दोरा ताणून धरला, तर तो तुर्कमेनिस्तान, रशिया, फिनलंड आणि नॉर्वेवरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळ पोहोचतो, आणि तोच सर्वांत जवळचा मार्ग असतो. त्याची लांबी सुमारे १२,५४० किलोमीटर भरते. गोलावरच्या या सर्वांत जवळच्या मार्गाला ‘ग्रेट सर्कल’ म्हणतात; इंटरनेटवरच्या कोणत्याही ‘ग्रेट सर्कल’ कॅल्क्युलेटरमध्ये दोन्ही विमानतळांची नावे घातली की हा आकडा मिळतो.

या अंतराला ताशी ९०० किलोमीटरने भागून चौदा तास काढणारे आणि तेवढ्यावर थांबणारे सल्ले मला मुळीच मान्य नाहीत. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे जाताना विमानाला त्यांच्याविरुद्ध जावे लागते आणि येताना त्यांचीच साथ मिळते. शिवाय एखाद्या देशाने हवाई हद्द बंद केली की वळसा पडतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हद्द बंद केली, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या उड्डाणांचा वेळ वाढला.

म्हणून खरा वेळ तिकिटावरूनच काढावा. सुरुवातीला मला सर्वांत अवघड गेली ती हीच पायरी. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे असतात, त्यामुळे त्यांची थेट वजाबाकी करणे निरर्थक आहे. ‘पश्चिमेला जाताना मिळवा, पूर्वेला जाताना वजा करा’ हा नियमही पाठ करू नये, कारण तारीख बदलली की नेमका तिथेच घोटाळा होतो. दोन्ही वेळा तारखेसह भारतीय वेळेत लिहाव्यात आणि मगच वजाबाकी करावी. समजा, १० जुलैला मुंबईहून पहाटे २ वाजता निघून विमान त्याच दिवशी सकाळी ८.३० ला न्यूयॉर्कला उतरते. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, म्हणजे त्या क्षणी भारतात संध्याकाळचे ६ वाजलेले असतात; प्रवास सोळा तासांचा झाला. परतीचे विमान २० तारखेला दुपारी १२ ला निघून २१ ला दुपारी १२ ला मुंबईत पोहोचत असेल, तर निघताना भारतात २० तारखेचे रात्रीचे ९.३० वाजलेले असतात, म्हणून प्रवास साडेचौदा तासांचा.

यातला अर्धा तास कृपा करून सोडू नका. हिवाळ्यात हा फरक साडेदहा तासांचा होतो. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, तर ब्रिटनमध्ये मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. लंडनमार्गे तिकीट असेल, तर मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या त्या मधल्या दिवसांत प्रत्येक शहराचा फरक त्या तारखेसाठी स्वतंत्रपणे तपासावा.

थांब्याचा वेळ वेगळा लिहावा. छापील वेळ विमान गेटवरून हलल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो, त्यामुळे धावपट्टीपर्यंत जाण्यायेण्याचा वेळ त्यात पुन्हा मिळवू नये.