हीट गन हाती घेणाऱ्या नवोदितांसाठी

तारांच्या जोडांवर स्लीव्ह (तापल्यावर आकसणारी प्लॅस्टिकची नळी) बसवणे, जुना रंग सोडवणे, प्लॅस्टिकचा पत्रा वाकवणे अशा कामांसाठी मी हीट गन नेहमी वापरतो आणि नव्याने रुजू झालेल्यांना ती शिकवतोही. दिसायला ती केस वाळवण्याच्या ड्रायरसारखी असल्यामुळे नवा माणूस तिला बिचकत नाही, आणि माझ्या मते खरा धोका इथेच आहे. तिच्या तोंडातून ज्वाळा निघत नाही; पण बऱ्याच गनची हवा ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, आणि कागद साधारण २३० अंशांच्या आसपासच पेटू शकतो.

म्हणून तापमान कामाप्रमाणे ठरवावे. नेहमीची हीट श्रिंक स्लीव्ह ९० ते १२० अंशांपर्यंत तापली की आकसते, त्यामुळे गन कमीवर ठेवून ती जोडाभोवती सतत फिरवत राहावी. एकाच जागी धरल्यास स्लीव्ह करपतेच, शिवाय शेजारच्या तारेवरचे पीव्हीसी जळून त्यातून हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो, जो नाका-घशाला झोंबतो. गनचे तोंड वस्तूला टेकवू नये आणि मागची हवा आत घेणारी जाळी हाताने झाकू नये. हवा कोंडली की आतली कॉइल जळते. थिनर, स्प्रेचे डबे, तेलकट चिंध्या आधीच दूर न्याव्यात. एक्स्टेंशनची वायर गुंडाळलेली न ठेवता पूर्ण उलगडावी, कारण गन २००० वॅटच्या घरात वीज खाते आणि गुंडाळलेली वायर त्याने तापते.

जुन्या रंगाबाबत मी फार आग्रही आहे. त्यात शिसे असण्याची शक्यता असते, आणि रंग जास्त तापला की ते वाफेच्या रूपात श्वासात जाते. धुळीसाठीचा साधा मास्क ही वाफ अडवत नाही. त्यामुळे रंगाची तपासणी झाल्याशिवाय त्यावर गन धरायची नाही, मग काम कितीही तातडीचे असो.

बटण बंद केल्यावर नोझल लाल दिसत नाही, पण बराच वेळ चटका देण्याइतके तापलेले राहते. थंड हवेची सोय असेल तर दोन-तीन मिनिटे ती चालू ठेवावी, मग गन तोंड वर करून उभी ठेवावी आणि नोझल पूर्ण निवल्यावरच काढावे. तरीही भाजलेच, तर अंगठी, घड्याळ लगेच उतरवून तो भाग २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये, आणि फोड आल्यास डॉक्टरांना दाखवावे.

लाकडी चौकटीवर काम करताना गरम हवा फटीतून आत शिरते. तिथला भुसा किंवा धूळ धुमसत राहते आणि आग कधी कधी बऱ्याच वेळाने बाहेर दिसते. काम थांबल्यावर किमान अर्धा तास, शक्य असल्यास तासभर, कुणीतरी तिथे थांबून वास घ्यावा, फटींवर नजर ठेवावी आणि अग्निशामक हाताशी ठेवावा. त्यामुळे सुटी व्हायला तासाभराहून कमी वेळ उरला असेल, तर चौकटीचा रंग सोडवायचे काम मी दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवतो, आणि वरिष्ठांना तसे कळवण्याची जबाबदारी नव्या माणसावर न टाकता स्वतःकडे घेतो.