मित्राच्या लग्नाचे संयोजन कसे करावे?

जबाबदारी स्वीकारल्यावर पहिल्याच बैठकीत एक गोष्ट पक्की करून घ्यावी: लग्नाच्या दिवशी अंतिम शब्द कोणाचा? दोन्ही घरांतून प्रत्येकी एकच व्यक्ती नेमावी आणि वधूवरांना त्या दिवशी कोणीही व्यवस्थेविषयी काहीही विचारायचे नाही, हे सर्वांना आधीच सांगून ठेवावे. मुख्य विधीची वेळ धरून तिच्या मागचे-पुढचे वेळापत्रक आखावे आणि दोन दिवस आधी सर्वांच्या हाती द्यावे. सजावट, ध्वनिव्यवस्था आणि वाहने ज्यांच्याकडे सोपवली आहेत, त्यांच्या कामात लुडबुड करू नये.

खरी कसोटी लागते ती विधी संपल्यापासून पाहुणे जेवायला बसेपर्यंतच्या तासाभरात, म्हणजे कुटुंबाच्या एकत्रित छायाचित्रांच्या वेळी. ‘छायाचित्रकार बघून घेईल’ असे सांगणाऱ्याचे मुळीच ऐकू नये. छायाचित्रकाराला प्रकाश कळतो. मावशी कोण आणि आत्या कोण, हे त्याला कळण्याचा काही मार्ग नसतो. मी सांभाळलेल्या पहिल्या लग्नात छायाचित्रांसाठी कोणत्या गटाने कधी उभे राहायचे, याची यादी केलेली नव्हती. जो समोर येईल तो वधूवरांशेजारी उभा राहत गेला, 40 मिनिटांचे काम दीड तास लांबले आणि तोवर वराची आजी कोपऱ्यातल्या खुर्चीत, काठीवर दोन्ही हात ठेवून, आपल्याला कोणी बोलावील म्हणून वाट पाहत बसली होती. शेवटी दमून ती घरी गेली. त्या लग्नातले तिचे नातवासोबतचे एकही छायाचित्र नाही, आणि ती चूक सर्वस्वी माझी होती.

तेव्हापासून मी आठवडाभर आधी वधूवरांना समोर बसवून यादी लिहून घेतो. ‘काकांकडचे’ एवढे लिहून भागत नाही. प्रत्येक गटातली नावे हवीत, कारण कोण आले नाही हे नावांवरूनच कळते. दुरावलेल्या नातेवाइकांविषयीही तेव्हाच स्पष्ट विचारावे, म्हणजे ऐनवेळी त्यांना शेजारी-शेजारी उभे करण्याचा प्रसंग येत नाही. गट 12 पेक्षा अधिक नसावेत: प्रत्येकाला 3 मिनिटे धरली तरी 36 मिनिटे होतात, आणि 10 मिनिटे हाताशी राखावीच लागतात. सुरुवात वृद्धांपासून आणि लहान मुले असलेल्या गटांपासून करावी, मित्रमंडळी शेवटी घ्यावीत, ती थांबतात. दोन्ही बाजूंचा चेहरे ओळखणारा एकेक माणूस यादी घेऊन उभा करावा. एक गट उभा असताना पुढचा गट बाजूला जमलेला असला पाहिजे. सगळा वेळ वाचतो तो इथेच. ही दोन माणसे खणखणीत आवाजाची निवडावीत, भिडस्त माणसाला हे काम देऊ नये. यादीबाहेरचे कोणी मध्येच आले, तर ‘भोजनानंतर नक्की’ असे नम्रपणे सांगावे आणि ते नाव तिथल्या तिथे यादीखाली लिहून घ्यावे, कारण दिलेला शब्द त्या गर्दीत हमखास विसरला जातो.

भोजनाची व्यवस्था पाहणाऱ्यांना छायाचित्रे संपण्याच्या 15 मिनिटे आधी निरोप द्यावा. वधूवरांना आधी जेवायला बसवावे. भेटवस्तू निघण्यापूर्वी मोजून, ठरलेल्या व्यक्तीच्या ताब्यात द्याव्यात आणि यादीखाली लिहून घेतलेली नावे संपल्याशिवाय छायाचित्रकाराला निरोप देऊ नये.