घरगुती कपकेकची किंमत कशी ठरवावी

इतरांचे दर पाहून आपला दर ठरवण्याची घाई करू नये. आधी स्वतःचा खर्च वजनकाट्यावर मोजावा. ५०० ग्रॅम लोण्याच्या पाकिटातून एका खेपेला ११५ ग्रॅम लागले, तर पाकिटाच्या किमतीचा २३ टक्के भाग त्या खेपेच्या नावावर लिहावा आणि मैदा, साखर, अंडी यांचाही हिशेब असाच मांडावा. कागदी वाट्या, खोका आणि वीज धरावीच. बारांच्या खेपेत एखादा कपकेक हमखास मधोमध खचून वाया जातो, म्हणून एकूण खर्चाला १२ ऐवजी ११ ने भागणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

खरी गफलत वेळेच्या हिशेबात होते. ओव्हनमधली वीस मिनिटे सर्वांना आठवतात. पण केक पूर्ण निवल्यावर आयसिंग करणे, तुपकट भांडी घासणे आणि ग्राहकाशी फोनवर रंग ठरवणे यांत गेलेला तास कोणी मोजत नाही. त्या वेळेची मजुरी आपण दुसऱ्या कोणाला दिली असती, त्याच दराने धरावी.

नफा यानंतर येतो. साहित्य व मजुरी मिळून ७० खर्च आला आणि त्यावर ३० टक्के चढवले, तर किंमत ९१ होते व नफा विक्रीच्या सुमारे २३ टक्केच उरतो. विक्रीच्या ३० टक्के नफा हवा असल्यास ७० ला ०.७ ने भागून १०० ही किंमत धरावी लागते. फुलांची नक्षी मागणाऱ्याला मात्र वेगळा दर सांगावा, आणि तोही मागणी स्वीकारण्यापूर्वीच.